कंबरेतील गादी सरकलेल्या रुग्णाची घरी काळजी कशी घ्यावी?

“एमआरआयमध्ये गादी सरकल्याचे आले आहे. आता यांनी अजिबात हलायचे नाही ना?” गादी सरकलेल्या रुग्णाचे नातेवाईक बहुतेक वेळा हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात. त्यामागे काळजी असते, पण समजूत चुकीची असते. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांना ना शस्त्रक्रिया लागते ना महिनाभर अंथरूण. त्यांना लागते ती घरच्यांची योग्य मदत. आणि काही मोजक्या रुग्णांना तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. तिथे काही तासांचा उशीरसुद्धा आयुष्यभर महागात पडू शकतो. हे दोन प्रकार घरच्यांना वेगळे ओळखता यावेत आणि रोजची शुश्रूषा नीट करता यावी, यासाठी हा लेख.

नेमके काय होते?

कंबरेत ५ मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिचे बाहेरचे आवरण चिवट तंतूंचे आणि आतला गर मऊ, जेलीसारखा असतो. वयानुसार आवरण झिजते, त्याला चीर पडते. मग वाकून वजन उचलताना, कधी नुसत्या शिंकेने, आतला गर त्या चिरेतून मागे येतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळावर दाब आणतो. म्हणजे ‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो तेव्हा अख्खी गादी जागेवरून निसटलेली नसते. त्यामुळे ती ‘जागेवर बसवून देणारा’ कोणी असू शकत नाही, हेही लक्षात घ्यावे.

हा त्रास बहुतेक वेळा कंबरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांमध्ये होतो, कारण शरीराचा सर्वाधिक भार तिथे असतो. म्हणूनच दुखणे कंबरेपुरते न राहता कुल्ल्यातून मांडीमागे, पोटरीत आणि पावलापर्यंत जाते. यालाच सायटिका म्हणतात. सोबत मुंग्या येणे, बधिरपणा, पायातली ताकद कमी होणे अशी लक्षणे असू शकतात. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना कळ वाढते.

बहुतेक रुग्णांचे दुखणे ६ ते १२ आठवड्यांत बरेच कमी होते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि नसेची सूज उतरते.

एमआरआयच्या अहवालाने घाबरून जाऊ नये. कंबर कधीही न दुखलेल्या चाळिशीतल्या माणसांचा एमआरआय काढला, तरी साधारण निम्म्यांमध्ये गादी थोडी फुगलेली दिसते. त्यामुळे चित्र आणि लक्षणे जुळतात का, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते. धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या ६ आठवड्यांत एमआरआयची सहसा गरजही नसते.

विश्रांती किती?

कळ फार तीव्र असेल तर एक ते दोन दिवस झोपून राहायला हरकत नाही. त्याहून जास्त नको. दीर्घकाळ पडून राहिल्याने पाठीचे स्नायू अशक्त होतात, बद्धकोष्ठता होते, पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि रुग्णाच्या मनात हालचालीची भीती बसते. ही भीती पुढे दुखण्यापेक्षा जास्त अडवते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात ५ ते १० मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा चालावे. थोडे दुखले तरी चालेल. चालल्यावर कळ पायात आणखी खाली जात असेल, तर अंतर कमी करावे. एका जागी २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसू नये.

झोपण्याची जागा आणि स्थिती

पूर्वी फळीवर किंवा जमिनीवर झोपायला सांगत. आता तसे सांगत नाहीत. फार कडक नाही आणि खोलगट होईल इतकी मऊही नाही, अशी गादी चांगली. कापसाची नीट भरलेली गादी पलंगावर घातली तरी पुरते. जमिनीवरचे अंथरूण मात्र टाळावे, कारण तिथून उठताना कंबरेवर फार ताण येतो. झोळ पडलेली बाज वापरू नये.

- पाठीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांखाली एक-दोन उशा ठेवाव्यात.
- कुशीवर झोपताना गुडघे थोडे वाकवून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी.
- कोणत्या कुशीवर बरे वाटते ते रुग्णालाच ठरवू द्यावे. दोन्हींपैकी एकच योग्य, असा नियम नाही.

कूस बदलणे आणि उठवणे

घरच्यांकडून सर्वाधिक चुका इथे होतात. झोपलेल्या माणसाचे दोन्ही हात धरून त्याला ओढून बसवले की कंबर वाकते, पिळली जाते आणि कळ मस्तकात जाते. योग्य पद्धत अशी:

१. रुग्णाने पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वाकवावेत.
२. ज्या बाजूला वळायचे, त्या बाजूला मदतनीसाने उभे राहावे. एक हात रुग्णाच्या पलीकडच्या खांद्यामागे आणि दुसरा पलीकडच्या कुल्ल्यामागे ठेवावा.
३. “एक, दोन, तीन” म्हणून खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी आपल्याकडे वळवावेत. लाकडाचा ओंडका जसा अख्खा वळतो, तसे.
४. रुग्ण कुशीवर आला की त्याने पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपरावर व वरच्या हाताच्या तळव्यावर जोर देऊन उठून बसावे.
५. एक मिनिट तसेच बसावे. चक्कर येत नाही ना, हे विचारावे. मग पावले थोडी फाकवून, मांडीच्या जोरावर उभे राहावे.

चालताना मदतनीसाने अशक्त पायाच्या बाजूला राहावे. काखेत हात घालून उचलू नये. मदत करणाऱ्यानेही स्वतःची कंबर सांभाळावी. वाकून ओढण्याऐवजी गुडघे वाकवून, रुग्णाच्या जवळ उभे राहून आधार द्यावा. नवऱ्याची शुश्रूषा करता करता बायकोची कंबर धरल्याची उदाहरणे दवाखान्यात नेहमी दिसतात.

शौच, अंघोळ आणि कपडे

भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे या काळात कठीण जाते. मधोमध भोक असलेली कमोडची खुर्ची मेडिकल दुकानांत मिळते आणि ती शौचालयावरच ठेवता येते. काही आठवड्यांसाठी ती भाड्यानेही मिळू शकते.

बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. जोर केल्याने कळ वाढते आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे शौचाला आणखी कडक होते. पालेभाज्या, फळे, भाकरी आणि पुरेसे पाणी द्यावे. रात्री इसबगोल घ्यायचे असेल तर पेलाभर पाण्यासोबतच घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती पाणी प्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अंघोळीसाठी उंच स्टूल किंवा प्लॅस्टिकची खुर्ची ठेवावी आणि बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवावी, म्हणजे पाणी घेताना वाकावे लागत नाही. फरशी ओली राहू देऊ नये. कपडे बसून घालावेत. विजार किंवा सलवार दुखऱ्या पायात आधी घालावी, काढताना चांगल्या पायातून आधी काढावी. पाऊल बधिर असेल तर सपाता नकोत. मागे पट्टा असलेली चप्पल वापरावी.

शेक, मालिश, पट्टा

गरम किंवा थंड, ज्याने आराम वाटेल तो शेक १५ ते २० मिनिटे द्यावा. त्वचा आणि पिशवी यांमध्ये टॉवेल असावा. बधिर झालेल्या भागावर आणि मधुमेही रुग्णांना शेक देताना विशेष काळजी घ्यावी. त्यांना चटका बसलेला कळत नाही. तव्यावर तापवलेल्या विटेने किंवा मिठाच्या पुरचुंडीने पोटरी भाजलेले रुग्ण मी पाहिले आहेत. मूळ दुखणे कमी झाले आणि जखम मात्र महिनाभर चिघळली.

हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. मात्र जोरात रगडणे, कंबर कडकड मोडून घेणे, कोणाला पाठीवर उभे करणे हे प्रकार टाळावेत. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे. साधी उसण काही दिवसांत आपोआपच जाते, म्हणून ती समजूत टिकली. गर नसेवर आलेला असताना अशा झटक्याने नसेला कायमची इजा होऊ शकते.

कंबरेचा पट्टा प्रवासात किंवा थोडा वेळ काम करताना वापरता येतो. दिवसभर आणि महिनोन्‌महिने बांधू नये. झोपताना काढावा. वजन लावून ठेवण्याने (ट्रॅक्शन) गादी आत जात नाही आणि त्यासाठी रुग्णाला दिवसचे दिवस खाटेला बांधून ठेवण्यात फायदा नाही.

औषधे देताना

- डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफेनॅक या गोळ्या जेवणानंतर आणि ठरवून दिलेल्या दिवसांपुरत्याच द्याव्यात. यांपैकी दोन एकत्र देऊ नयेत. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.
- अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेले असते. सर्दीची गोळी वेगळी, कंबरेची वेगळी असे करताना मात्रा दुप्पट होत नाही ना, हे पाकिटावर वाचून पाहावे.
- प्रेगाबॅलिन किंवा गॅबापेंटिनने गुंगी येते. वयस्कर रुग्णांना रात्री शौचालयात जाताना सोबत करावी. ही औषधे बरेच दिवस चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नयेत.
- काळा रंग असलेली, डांबरासारखी शौच, उलटीत रक्त, लघवी कमी होणे किंवा अंगावर सूज दिसली तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.
- नाव नसलेल्या ‘सांधेदुखीच्या पुड्या’ देऊ नयेत. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते.

तंबाखू, मिश्री, विडी, सिगारेट या काळात तरी बंद करावे. गादीला स्वतःचा थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांमधून तिला पोषण झिरपते, आणि निकोटिन नेमक्या त्याच वाहिन्या आकुंचित करते.

रोजची एक छोटी नोंद

घरात एक वही ठेवावी आणि दिवसातून एकदा पुढील गोष्टी लिहाव्यात:

- दुखणे १० पैकी किती, आणि पायात कुठपर्यंत जाते.
- दोन्ही पायांचे अंगठे वर उचलताना ताकद सारखी आहे का.
- आधार धरून टाचांवर आणि चवड्यांवर चार पावले चालता येते का.
- लघवी किती वेळा झाली, नेहमीसारखी झाली का, शौच झाली का.

दुखणे पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत आणि मग फक्त कंबरेत राहिले, तर कंबर आधीइतकीच दुखत असली तरी ते सुधारणेचे लक्षण आहे. बधिरपणा जायला कळेपेक्षा जास्त वेळ लागतो, त्याने निराश होऊ नये. याउलट कळ अचानक कमी झाली, पण पाऊल उचलता येईना, तर ती सुधारणा नव्हे. नस निकामी होत असल्याचे ते चिन्ह असू शकते.

या लक्षणांसाठी वाट पाहू नका

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका शिक्षिकेचे उपचार चालू होते. वय ४८, उजव्या पायात सायटिका, सुधारणा बरी होती. एके दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला, “आईचे दोन्ही पाय जड झालेत म्हणते.” मी गोळी बदलून सांगितली आणि सकाळी घेऊन या म्हणालो. लघवीबद्दल मी विचारले नाही. त्यांनीही मुलाला सांगितले नव्हते की आदल्या दुपारपासून लघवी नीट उतरत नाही आणि शौचानंतर धुताना तिथे स्पर्श जाणवत नाही. मुलापुढे असे कसे बोलायचे, हा संकोच. सकाळी पाहिल्याबरोबर त्यांना शस्त्रक्रियेसाठी पाठवले. पाय सुधारले. पण लघवीसाठी पुढे कित्येक महिने त्यांना नळी वापरावी लागली. त्या दिवसापासून कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला, फोनवरसुद्धा, हा प्रश्न मी स्वतः विचारतो.

गादीचा मोठा तुकडा मधोमध मागे आला तर मूत्राशय, गुदद्वार आणि दोन्ही पायांकडे जाणाऱ्या नसांचा झुबका एकदम दाबला जातो. याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. हा प्रकार विरळ आहे, पण अशा वेळी शक्यतो २४ ते ४८ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकी चांगली, शस्त्रक्रिया करावी लागते. पुढीलपैकी काहीही आढळले तर रात्र असली तरी अस्थिरोग किंवा मेंदू-मणका शल्यविशारद आणि एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे:

- लघवी तुंबणे, धार कमजोर होणे, लघवी झाल्याचे न कळणे किंवा नकळत होणे
- शौचावरचा ताबा जाणे
- सायकलच्या सीटला टेकतो तो भाग, म्हणजे जांघेचा आतला भाग, गुप्तांग आणि गुदद्वाराभोवतीची जागा बधिर होणे
- दोन्ही पायांत कळ, मुंग्या किंवा अशक्तपणा
- पाऊल किंवा पाय वेगाने लुळा पडत जाणे

हे प्रश्न बाईला बाईने आणि पुरुषाला पुरुषाने विचारले तर सहज उत्तर मिळते. पण तसे कोणी घरात नसेल तर ज्याने शुश्रूषा करायची, त्याने संकोच सोडून विचारावे. “लघवी झाली का?” इतकेच विचारू नका. “नेहमीसारखी झाली का, तिथे हात लावल्यावर समजते का?” असे स्पष्ट विचारा.

शिवाय प्रत्येक कंबरदुखी गादीचीच नसते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करावी लागते. आपल्याकडे तो अजूनही आढळतो. पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले असणे, याही गोष्टी डॉक्टरांना न विसरता सांगाव्यात.

शस्त्रक्रिया कधी, आणि त्यानंतर काय?

वर सांगितलेल्या तातडीच्या लक्षणांखेरीज, पायाची ताकद कमी होत असेल किंवा ६ ते १२ आठवडे नीट उपचार करूनही पायातली कळ असह्य असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. शस्त्रक्रियेने पायातली कळ लवकर थांबते. मात्र वर्षभरानंतर पाहिले तर शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले बहुतेक रुग्ण जवळपास सारख्याच स्थितीत असतात. म्हणून तातडीचे कारण नसेल तर निर्णय शांतपणे घेता येतो. मणक्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काहींना काही आठवडे आराम मिळतो, तो कायमचा उपाय नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सहसा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. घरी आल्यावर जखम कोरडी ठेवावी. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढती सूज, पोटरी सुजून दुखणे, किंवा पायात नवा अशक्तपणा दिसला तर लगेच कळवावे. काही आठवडे वाकणे, पिळणे आणि वजन उचलणे टाळावे. किती आठवडे, ते शल्यविशारद सांगतील.

पुन्हा कामाला लागताना

कळ आटोक्यात आली की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत आणि बरे वाटल्यावरही चालू ठेवावेत. बैठे काम करणारे बरेचजण काही आठवड्यांत कामावर जाऊ शकतात. हमाली, शेती, बांधकाम करणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. त्यांच्यासाठी घरच्यांनी आणि मालकाने सुरुवातीला हलके काम शोधावे.

घरातल्या सवयी बदलाव्या लागतात. विळीऐवजी ओट्यावर उभे राहून सुरीने भाजी चिरावी, कपडे धुण्यासाठी मोरीत वाकून बसू नये, पाण्याचा भरलेला हंडा आणि कळशी कंबरेवर घेऊ नये. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. तो उचलण्याचे काम दुसऱ्याने करावे. काहीही उचलायचे झाल्यास वस्तू अंगाशी धरून, कंबर न वाकवता गुडघ्यांतून वाकावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी काही आठवडे टाळावी.

शेवटी एक गोष्ट. सतत दुखणारा माणूस चिडचिडा होतो, आपण घरावर ओझे झालो असे त्याला वाटते. “एवढे काय दुखते, रिपोर्टमध्ये तर थोडेच आहे” असे म्हणू नका, आणि “तू हलूच नको, आम्ही सगळे करतो” असेही म्हणू नका. त्याचे दुखणे खरे आहे आणि ते बहुतेक करून बरे होणारे आहे. दोन्ही वाक्ये त्याला सांगा, आणि त्याच्यासोबत अंगणापर्यंत चालून या.